त्रिनिदादला अळुवडी मिळते का?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहून मोकळा झालो: कॅरिबियनमधलं एकच बेट बघायचं असेल तर त्रिनिदाद बघा, आणि तेही किनाऱ्याकडे पाठ करून. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी हा पूर्ण सदर त्यालाच द्यायला सांगितलं. नवीन वाचकांसाठी: मी तीस वर्षं जहाजावर इंजिनीअर होतो, त्यातली बरीचशी अमोनियाच्या टँकरवर. त्रिनिदादमध्ये नैसर्गिक वायू निघतो, त्यापासून अमोनिया बनतो आणि तो पॉइंट लिसास बंदरातून जगभर जातो. तिथे किती वेळा लागलो असेन याचा हिशोब नाही, पण बेट बघितलं ते चार-चार तासांच्या सुटीत. निवृत्त झाल्यावर सौ. म्हणाली, "आयुष्यभर जेटीची वर्णनं ऐकली, आता गाव दाखवा." मग एका मार्च-एप्रिलमध्ये बंदराजवळच्या कूव्हा गावात सहा आठवडे खोली घेऊन राहिलो. खालची उत्तरं त्या सहा आठवड्यांची आहेत.

मुलगी न्यू जर्सीला आहे. तिच्याकडून आम्ही दोघं (वय 61 आणि 66) पाच दिवस त्रिनिदादला जाणार. एजंटने दोन दिवस टोबॅगो, एक दिवस माराकास बीच, एक संध्याकाळ कॅरोनीचे लाल पक्षी आणि एक दिवस खरेदी असं दिलंय. काय बदलू? – एक वाचक, ठाणे

ताई, टोबॅगो काढून टाका. वाईट आहे म्हणून नव्हे. निळं पाणी आणि पांढरी वाळू बघायला त्याच्याआधी पन्नास जागा आहेत, आणि पाचांतले दोन दिवस त्यात गेले तर बाकी काय उरलं? खरेदीही काढा. माराकासला एक सकाळ पुरे. कॅरोनीची दलदल मात्र ठेवा. सगळे जातात, तरी ठेवा. चारच्या सुमारास नाव निघते, आणि सूर्य कलला की लालभडक शराटी थव्याथव्याने एका बेटावर येऊन बसतात. हिरवं झाड बघता बघता तांबडं होतं.

उरलेले तीन दिवस दक्षिणेला द्या. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर चेस व्हिलेजला कुंभारांची दुकानं आहेत, पणत्या तिथे घडतात. त्यांना तिथे 'देया' म्हणतात. पुढे कारापिचाइमाला 85 फुटी हनुमान, आणि ज्या आवारात तो उभा आहे ते मंदिर दत्तात्रेयाचं! गुरुवारी आमच्या घरी काय आनंद झाला ते सांगत नाही. तिथून जवळच वॉटरलूच्या किनाऱ्यावर समुद्रातलं देऊळ आहे. ते मात्र घाईने बघू नका.

शिवदास साधू नावाचा उसाच्या मळ्यातला मजूर. त्याने 1947 मध्ये किनाऱ्यालगत देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली. 1952 मध्ये देऊळ पाडलं गेलं, वर त्याला तुरुंगात बसवलं. सुटून आला आणि म्हणाला, जमीन तुमची, समुद्र तर कुणाच्या बापाचा नाही. (हे शब्द माझे, कृती त्याची.) मग ओहोटीला सायकलवरून दगड, सिमेंट आणि डबे वाहून नेत त्याने चिखलात भर घालायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं एकट्याने समुद्रात देऊळ उभं केलं. लाटांनी ते खाल्लं. आत्ता दिसतं ते पहिल्या भारतीयांच्या आगमनाला 150 वर्षं झाली तेव्हा, 1995 च्या सुमारास, नव्याने बांधलेलं. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, दोन्ही बाजूंना काळपट चिखल आणि त्यात चोच खुपसणारे पक्षी. शेजारीच किनाऱ्यावर स्मशान. एक चिता अजून धुमसत होती, आणि देवळाच्या वाटेवर शाळेची मुलं आइस्क्रीम खात होती. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ला ब्रेआचं डांबराचं तळं. जगातलं सर्वांत मोठं नैसर्गिक डांबर: सुमारे 40 हेक्टर पसरलेलं, 75 मीटर खोल. 1595 मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेने इथलं डांबर आपल्या जहाजांच्या फटी बुजवायला वापरलं, म्हणजे हा माझ्या धंद्यातलाच माणूस. लांबून ते तळं म्हणजे पावसाळ्यानंतरचं एसटी स्टँडचं आवार वाटतं, आणि बरेच जण तेवढंच बघून नाराज होऊन परततात. वर चालायला जा, पण अधिकृत वाटाड्या घेऊनच, कारण कुठे कडक आणि कुठे मऊ ते त्यालाच कळतं. पायाखाली हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या. एकाच जागी दोन मिनिटं उभे राहिलात की टाचेचा ठसा उमटतो. सौ.ची एक चप्पल तिथे रुतली. वाटाड्याने काडीने डांबर गुंडाळत गुंडाळत, जिलबी काढावी तशी ती सोडवली. आजूबाजूच्या वस्तीत जमीन सरकते म्हणून रस्ते फुगलेत आणि घरं कललीत. उन्हाच्या आत, सकाळी आठ-नऊला जा.

पाठीवर सॅक टाकून एकटा फिरणार आहे. गाडी भाड्याने घेणं परवडत नाही. सार्वजनिक वाहनं आहेत का? – वय 27, पुणे

आहेत, आणि गाडी परवडत असती तरी मी हेच सांगितलं असतं. मॅक्सी-टॅक्सी म्हणजे आपल्या वडापची थोरली बहीण: पांढरी मिनीबस, अंगावर रंगाचा पट्टा. पट्ट्यावरून दिशा कळते. राजधानीतल्या सिटी गेटहून, म्हणजे जुन्या रेल्वे स्टेशनातून, लाल पट्टा पूर्वेला जातो, हिरवा चाग्वानास आणि सॅन फर्नांडोकडे, म्हणजे मध्य-दक्षिणेला. पिवळा राजधानीच्या पश्चिमेला. सॅन फर्नांडोहून पुढे काळा पट्टा प्रिन्सेस टाउनला, तपकिरी नैर्ऋत्येला, ला ब्रेआच्या बाजूला.

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं. तरी पहिल्याच दिवशी गप्पांच्या नादात लाल पट्ट्यात चढलो. चाग्वानासला उतरायचं होतं, उतरलो अरिमाला! शेजारच्या म्हातारीने मला अर्ध्या वाटेत विचारलंही होतं, "कुठे चाललास बाळा?" मी ऐटीत सांगितलं, "चाग्वानास." ती खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना म्हणाली, "वाटलं, तुझा काहीतरी वेगळा बेत असेल." परतीचं भाडं तिनेच चालकाला सांगून वाचवलं.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. चढताना सगळ्या गाडीला मोठ्याने "गुड मॉर्निंग" म्हणायचं. आपल्याकडे असं केलं तर लोक पाकीट चाचपतील, तिथे न म्हणणारा उद्धट ठरतो. दुसरं, साध्या मोटारी शेअर टॅक्सी म्हणून धावतात त्यांची नंबरप्लेट 'एच'ने सुरू व्हायला हवी. 'पी'वाली खासगी गाडी भाडं मारत असेल तर ती बेकायदा. स्थानिक बसतात, तू बसू नकोस. अंधार पडल्यावर ओळखीचा चालक किंवा मुक्कामाच्या घरून बोलावलेली गाडी, बाकी काही नाही. आणि कुणी "जस्ट नाउ येतो" म्हणालं तर चहा टाक. तो आत्ता येणार नसतो.

आम्ही शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. सोबत खाकरे, थेपले किती न्यावेत? – डोंबिवलीहून एक वाचक

एकही नको. (विमानात खायचे असतील तर दोन.)

सकाळी रस्त्यावर डबल्स खा: हळदीच्या पिठाचे दोन मऊ तळलेले 'बारा', मध्ये रस्सेदार चणे, वर चिंचेची, काकडीची चटणी. 1930 च्या दशकात प्रिन्सेस टाउनकडे हा प्रकार सुरू झाला असं तिथे सांगतात. उभ्याने खायचं, हात माखणारच, आणि किती खाल्ले ते शेवटी आपणच सांगून पैसे द्यायचे. विकणारा फक्त विचारतो, "पेपर?" मिरचीचं विचारतोय. मी दापोलीचा माणूस, म्हटलं आपल्याला काय शिकवतोस. छाती काढून "हेवी" म्हणालो. त्या बेटावर मोरुगा नावाचं गाव आहे आणि तिथल्या 'स्कॉर्पियन' मिरचीची गणना जगातल्या सर्वांत जहाल मिरच्यांत होते, हे मला नंतर समजलं. दुसऱ्या दिवसापासून "स्लाइट". तुम्हीही "स्लाइट"च म्हणा.

जेवायला साधा रोटी (जाड, आपल्या भाकरीच्या वजनाची) आणि बैंगन चोका, म्हणजे भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर लसणीची फोडणी. फोडणी देण्याला तिथे इंग्रजी बोलतानाही 'चुंके' म्हणतात: "आय चुंके द दाल." दालपुरी म्हणजे पुरणपोळीची तिखट-मिठाची चुलतबहीण. 'बस-अप-शट' हे नाव ऐकून घाबरू नका, तो तव्यावर चुरगाळलेला पराठा आहे. 'फाटका शर्ट' असा त्याचा अर्थ.

आणि आता मथळ्यातला प्रश्न, जो याच ताईंनी तळटीपेत विचारलाय. मिळते! दक्षिणेला डेबे गावात रस्त्याकडेला खाण्याच्या टपऱ्यांची रांग आहे. तिथे काचेच्या कपाटात सौ.ला गोल गोल चकत्या दिसल्या. "ही तर माझी अळुवडी!" नाव 'सहीना'. अळूच्या पानाला तिथे दशीन म्हणतात. पानावर वाटलेल्या डाळीचं पीठ माखायचं, वर दुसरं पान, गुंडाळी, चकत्या, तळण. फक्त गूळ-चिंच आत नाही, चिंचेची चटणी वरून. शिवाय कुठे कुठे पानं चिरून सरळ भज्यासारखी सोडतात, तीही सहीनाच. सौ.ने बाईंना कृती विचारली, स्वतःची सांगितली, आणि पाठीमागे गिऱ्हाइकांची रांग गपगुमान थांबली.

जपायचं ते कालालूला. अळू, भेंडी, नारळाचं दूध. दिसतं थेट आपल्या फदफद्यासारखं, पण त्यात बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं. आधी विचारा. रास्ताफारी पंथाच्या लोकांची 'आयटल' (म्हणजे त्यांचं बिनमांसाचं जेवण) पाटी दिसली तर निर्धास्त आत शिरा.

तिथे आपलीच माणसं आहेत म्हणतात. हिंदी चालते ना? भेट म्हणून स्तोत्रांची पुस्तकं न्यावीत असं मनात आहे. – निवृत्त शिक्षक, नागपूर

सर, हिंदी चालत नाही. मी हिंदीतून सुरुवात केली की लोक नम्रपणे ऐकून घेत आणि इंग्रजीत विचारत, "काय म्हणालात?"

कलकत्त्याहून निघालेलं फतेल रझाक हे जहाज 30 मे 1845 रोजी तिथे लागलं, त्यावर सव्वादोनशेच्या आसपास माणसं. मग 1917 पर्यंत सुमारे 1,44,000 लोक गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यांत गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, काही मद्रासेहून. 1866 पासून आल्या आल्या नेल्सन बेटावरच्या छावणीत उतरवत. तिथे बोटीने जाता येतं, जरूर जा. आज लोकसंख्येत भारतीय वंशाचे सुमारे 35 टक्के. भोजपुरी गेली, पण तिचे तुकडे घरात राहिले: तवा, बेलना, लोटा, सेम, भाजी.

आमच्या घरमालकिणीच्या अंगणात एक दुपार. सौ. कपडे वाळत घालत होती. मागून लहान पोरगं ओरडलं, "आजी!" ही झटकन वळली, हातातला टॉवेल खाली. पोराची हाक घरमालकिणीला होती. बापाची आई ती तिथे आजी, आईची आई नानी. सौ. पुढे दोन दिवस गप्प गप्प होती, नातू आमचा कॅनडात असतो. मग तिसऱ्या दिवशी तिने त्या पोराला जवळ घेऊन सांगितलं की मीही आजीच आहे. त्याने विचार केला आणि म्हणाला, "नाही, तू मिसेस."

तर सर, पोरगं बरोबर होतं. सहीना आपली अळुवडी नाही, आजी आपली आजी नाही. दोन्ही भोजपुरीतून गेलेली आणि आता त्रिनिदादची. 'तुमचं मूळ गाव कुठलं, जात कुठली' हे विचारू नका. बऱ्याच जणांना ते ठाऊक नाही आणि ज्यांना आहे त्यांनाही ते पहिल्या भेटीत सांगायचं नसतं. 'आमच्याकडे असं करत नाहीत' हे तर चुकूनही नको. मी एका पूजेत पंडितजींना विधी दुरुस्त करायला गेलो होतो. घरमालकिणीने माझ्या हातात प्रसादाची पिशवी दिली आणि दार दाखवलं, हसतच.

पुस्तकं राहू द्या, त्याऐवजी सिपारियाला जा. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये सावळ्या रंगाची मेरीची मूर्ती आहे, ला दिविना पास्तोरा. हिंदू तिला सिपारी माई म्हणतात आणि गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळपासून तांदूळ, तेल, फुलं घेऊन रांगा लावतात. मुलांचं जावळ काढायचीही तिथे चाल होती. आम्ही त्या रांगेत दोन तास होतो. पुढे कपाळाला टिळा लावलेल्या बाई, मागे क्रूस घातलेला आफ्रिकी वंशाचा तरुण. कोण कुणाच्या देवाला आलंय हे विचारायची सोय नव्हती.

ऊस कसा आहे तिकडे? – कोल्हापूर

नाही. सरकारी साखर कंपनीने 2003 मध्ये गाशा गुंडाळला. ज्या उसासाठी माणसं नेली, तो बघायला शिल्लक नाही. त्या जागी गवत, वसाहती, थोडी भाजी.

क्वीन्स पार्क ओव्हल बघता येईल का? – दादर

दादरहून आणखी काय येणार! जा. 1971 मध्ये इथेच सरदेसाईंच्या 112 धावा, गावसकरांचं पदार्पण (65 आणि नाबाद 67), आणि वाडेकरांच्या संघाचा वेस्ट इंडीजवरचा आपला पहिला कसोटी विजय. त्याच दौऱ्यात, त्याच मैदानावर गावसकरांचे 124 आणि 220. पुढे 1976 मध्ये 403 चं आव्हान इथेच पार केलं. मैदानाबाहेरच्या नारळवाल्याला मी गावसकर म्हटलं, तर त्याने शहाळं सोलणं थांबवून मला त्यांच्यावरचा कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या ढंगाचं गाणं, गाऊन दाखवला. पैसे मात्र पूर्ण घेतले.

लस, सुरक्षितता वगैरे? – तीन-चार पत्रं

त्रिनिदादहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर यलो फीव्हरच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोला. ठाण्याच्या ताई, हे तुम्हा दोघांनाही.

लष्करी छापाचे, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे तिथे नागरिकांना बेकायदा आहेत. ती सात खिशांची पँट घरी ठेवा.

गुन्हेगारी आहे, खोटं सांगत नाही. डिसेंबर 2024 च्या अखेरीस आणि पुन्हा जुलै 2025 मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली होती. तिकीट काढण्याआधी त्या वेळची परिस्थिती बघा, राजधानीत रात्री पायी भटकू नका. गावांकडे आम्हाला त्रास झाला नाही.

वेळासची कासवं दरवर्षी बघतो. मग ग्रान्द रिव्हिएरला एवढं लांब कशाला जायचं? – दापोली

गाववाले, रास्त प्रश्न. वेळासला आपण बघतो ती पिल्लं, टोपलीखालून निघून समुद्राकडे जाणारी, ऑलिव्ह रिडलेची. आई रात्री येऊन गेलेली असते, ती फारशी कुणाला दिसत नाही. ग्रान्द रिव्हिएरला आई दिसते. बेटाच्या ईशान्य टोकाला, राजधानीहून तीनेक तासांवर, मार्च ते ऑगस्ट. किनाऱ्यावर रात्री परवान्याशिवाय जाता येत नाही, मुक्कामाचं घर परवाना आणि वाटाड्या दोन्ही बघतं.

ही कातडी पाठीची कासवं. कवच नाही, काळी रबरासारखी पाठ, तिच्यावर लांब सात कंगोरे. आपली रिडले चाळीस-पन्नास किलोंची. ही तीनशे, चारशे, कधी त्याहून जास्त. आम्हाला आधी वाटलं, कुणीतरी होडी उलटी घालून ठेवलीय. मग होडीने श्वास सोडला. टॉर्च फक्त लाल. मागच्या वल्ह्यांनी ती खड्डा खणत होती, एक वल्हं वाळू उचलून बाजूला ठेवतं, मग दुसरं, आईने तळहातावर पोळी फिरवावी इतकं हलकं. अंडी पडायला लागली की तिला आजूबाजूचं भान राहत नाही, तेव्हाच वाटाड्या जवळ जाऊ देतो. डोळ्यांतून चिकट पाणी वाहत असतं, शरीरातलं मीठ बाहेर टाकायची ती सोय आहे, तरी सौ.ने पदर डोळ्याला लावलाच.

सकाळी तोच किनारा बघा, सोडू नका. कासवं इतकी येतात की एकीचा खड्डा खणताना दुसरीची अंडी वर निघतात, आणि काळी गिधाडं ती फोडत बसतात. गावातली पोरं काठ्या घेऊन त्यांना हुसकत होती. एक पोरगं दमून वाळूत बसलं आणि त्याने आम्हाला काठी देऊ केली. मग तासभर आम्ही दोघं गिधाडं हाकत होतो.

एप्रिल-मेमध्ये जा. रात्री वाळूत बरंच थांबावं लागतं, अंगावर घ्यायला चादर न्या. आमच्याकडे नव्हती.